केळनेचा उतार

इतिहास-मंडळाची सूचना घरांत आली तेव्हां आमच्याकडे पितृपंधरवडा नुकताच लागला होता. रविवार, ता. २२ सप्टेंबर २०२४ रोजीं भोकरदन व असई येथें शैक्षणिक सहल; वर्गणी तीनशें रुपये; डबा ज्याचा त्यानें आणावा; मुलींच्या सोबतीस पालकांपैकीं एखाद्या प्रौढ बाई आल्यास मंडळ आभारी होईल. एवढ्याच चार ओळी. धाकट्या दिरांची मुलगी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि इतिहास हा तिचा विषय. तिनें ती सूचना रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांना वाचून दाखविली, आणि मग आमच्या ओसरीवर जें सुरू झालें त्याला चर्चा म्हणावें कीं लढाई, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं.

थोरले भावोजी म्हणाले, "सहल काढावयाची तर रायगड आहे, प्रतापगड आहे. तितकें दूर जायचें नसेल तर आपल्या जालन्यांतच १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवाजीमहाराज येऊन गेले, तें मुलांना सांगावें. शिंदे-भोसल्यांचा जिथें मोड झाला तें गांव पैसे भरून पाहायला कोण जातो?" सासूबाईंना रायगड काय आणि असई काय, दोन्ही सारखींच, त्यांचें म्हणणें इतकेंच कीं पक्षांत पोरीनें दिवसभर घराबाहेर राहूं नये. मामंजी सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. ते बराच वेळ कांहींच बोलले नाहींत. शेवटीं म्हणाले, "पंधरवड्यांत रणभूमीवर जाऊं नये असें माझ्या तरी वाचनांत नाहीं. पण तिथें कोणाचें काय राहिलें असेल, कोणास ठाऊक!" पोर खालीं मान घालून सूचनेच्या कागदाची घडी करीत होती. तिचा चेहरा पाहून मीच म्हटलें कीं मी बरोबर जातें. आणि ज्या घरांत थोरल्या सुनेचा शब्द सहसा कोणी मोडीत नाहीं, त्या घरांत प्रश्न तेवढ्यावर मिटला. मिटला म्हणजे भावोजी उठून आंत गेले.

असें मंडळ महाराष्ट्रांतल्या पुष्कळ महाविद्यालयांत असतें. त्याचें काम बहुधा ठराविक: १९ फेब्रुवारीला शिवजयंती, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचें व्याख्यान, एक भित्तिपत्रक, आणि वर्षाकांठीं वेरूळ-अजिंठ्याची एक सहल, जींत मुलें लेण्यांपेक्षां स्वतःचींच छायाचित्रें अधिक काढतात. मी त्यांना नांवें ठेवीत नाहीं; आमच्या वेळीं छायाचित्रें नव्हतीं, आम्हीं भेंड्या लावल्या, इतकाच फरक. परंतु ह्या मंडळाला लाभलेले प्राध्यापक जरा निराळे आहेत. दर शनिवारीं ते मोडीचा वर्ग घेतात आणि मुलांना आपापल्या घरचे जुने कागद आणावयास सांगतात. कोणी खरेदीखत आणतो, कोणी किराणा दुकानाची वही. सहल सप्टेंबरांतच कां, असें मी त्यांना विचारलें. मार्गशीर्षांत हवा चांगली, चिखल नाहीं, डबेहि टिकतात. ते म्हणाले, "मार्गशीर्षांत नदीला पाणी नसतें. पाणी नसेल तर वेलस्लीपुढें काय अडचण होती तें मुलांना कळायचें कसें?"

आदल्या शनिवारीं संध्याकाळीं सभागृहाच्या फरशीवर मुलींनीं रांगोळीनें दोन नद्या काढल्या. दक्षिणेची केळना आणि उत्तरेची जुई. दोघी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहात येतात, येतां येतां एकमेकींच्या जवळ सरकतात आणि असईच्या पूर्वेस मिळतात. मधली जमीन मुळाशीं रुंद व टोंकाशीं निमुळती, अगदीं जिभेसारखी. त्या जिभेवर ओंजळभर गहूं मांडले. तें दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांचें सैन्य. केळनेच्या दक्षिणेस चिमूटभर तुरीची डाळ, ते इंग्रज. डाळ किती थोडी आहे हें पाहून मागच्या रांगेंतले पालक हंसले. मग प्राध्यापकांनीं पूर्वकथा सांगितली. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. शिंदे-भोसल्यांना तें रुचलें नाहीं. होळकर बाजूला राहिले. आणि १८०३ च्या ऑगस्टांत युद्ध पेटलें. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला. २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सननें आमच्या जालन्याचा किल्ला घेतला. २१ सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापुरास भेटले. हो, तेंच बदनापूर, जें छत्रपति संभाजीनगरला जातांना आपण गाडीच्या खिडकींतून पाहतों आणि डब्यांतली चटणी शोधूं लागतों. तेथें असें ठरलें कीं दोघांनीं दोन वाटांनीं जावें व २४ तारखेस मिळून हल्ला करावा. स्टीव्हन्सन पश्चिमेच्या वाटेनें गेला, वेलस्ली पूर्वेच्या.

सभागृहांत बसलेल्या आम्हां जालनेकरांपैकीं किती जणांना ही आपल्या अंगणांतली गोष्ट ठाऊक होती? मला नव्हती, हें मी सांगून टाकतें.

रविवारीं सकाळीं सहाला एस. टी. ची प्रासंगिक कराराची गाडी महाविद्यालयाच्या दारांत उभी राहिली. अठ्ठेचाळीस मुलें, त्यांत एकवीस मुली, दोन प्राध्यापक, आणि मी. राजूरला गणपतीचें दर्शन झालें. सप्टेंबरच्या आरंभीं पाऊस चांगला झाला होता. रस्त्याच्या दोहों बाजूंस कपाशी छातीइतकी वाढलेली, सोयाबीन पिवळें पडूं लागलेलें, मधून मधून मका. गाडींत गाणीं झालीं तीं मला ठाऊक नसलेलीं होतीं. परंतु शेवटीं एका मुलानें पोवाड्याच्या चालीवर स्वतः जुळविलेलें प्रवासाचें कवन म्हटलें, त्यांत माझ्या डब्यांतल्या दशम्यांचाहि उल्लेख आला, तेव्हां माझाहि परकेपणा गेला.

भोकरदनला आम्हीं दोन तास घालविले. मला विचाराल तर चार घालवावयास हवे होते. हें गांव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इथल्या माणसांनीं दिलेल्या दानांचे लेख भारहुत आणि सांची येथील स्तूपांवर कोरलेले आहेत. भोगवर्धनचा कोणी उपासक शेंकडों कोस दूरच्या स्तूपाला दान देतो आणि आपल्या गांवाचें नांव लिहवून घेतो, ह्यांत त्या गांवची सांपत्तिक स्थिति दिसून येते. १९७३ सालीं नागपूर व मराठवाडा ह्या दोन विद्यापीठांनीं येथें उत्खनन केलें. सातवाहनकालीन वस्ती, पुष्कळ प्रकारचे मणी आणि हस्तिदंताची एक तुटकी स्त्रीमूर्ति हातीं लागली. हस्तिदंताची तशीच एक स्त्रीमूर्ति इटलींतील पाँपेई ह्या शहराच्या उत्खननांत १९३८ सालीं सांपडलेली होती. पाँपेई इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें, म्हणजे ती मूर्ति त्यापूर्वींच समुद्र ओलांडून तिकडे पोंचली होती. ती घडविली गेली कोठें, ह्याविषयीं भोकरदनकडे बोट दाखविणारे अभ्यासक आहेत.

हें ऐकून एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आपल्या तालुक्याची बाई रोमला गेली आणि आम्हांला जालन्याच्या वसतिगृहांत पाठवायला घरचे दोन वर्षं तयार नव्हते." सर्व हंसले. ती हंसली नाहीं. तिचे वडील ह्याच भागांतले शेतकरी आहेत, हें मागाहून कळलें.

नदीकांठची खडकांत खोदलेली लेणीं पाहून आम्हीं केळनेच्या दक्षिण अंगानें पुढें निघालों. शेवटचा तुकडा पायीं होता. काळी माती चपलेला अशी धरून बसे कीं पांचव्या पावलाला पाय शेरभर जड. माझ्या पुतणीनें माझा हात धरला होता. खरें म्हणजे तिलाच आधार हवा होता.

कांठावर पोंचल्यावर प्राध्यापकांनीं नकाशे गोळा करून आपल्या पिशवींत घातले. एका मुलाला त्यांनीं वेलस्ली केलें. म्हणाले, "२३ सप्टेंबरची सकाळ आहे. शत्रु भोकरदनला असेल असें तुला वाटत होतें. वाटेंत बंजारे भेटले, त्यांच्याकडून कळलें कीं तो पांचसहा मैलांवरच आहे. स्टीव्हन्सन आलेला नाहीं. थांबलास तर शत्रु निसटेल. समोर नदी, कांठ उभे, पाणी भरलेलें, तोफा उतरवायच्या आहेत. पलीकडे शंभरावर तोफा तुझ्याकडे तोंड करून उभ्या आहेत. वाटाड्ये म्हणतात, ह्या भागांत उतार नाहीं. आतां काय करशील?"

तो मुलगा हुशार होता. त्यानें पाण्याचा रंग पाहिला, खळखळ कोठें ऐकूं येते तें पाहिलें, एक काठीहि मागितली. दुसरा म्हणाला, मागें फिरावें. तिसरा म्हणाला, गुगलवर पाहावें. त्याला सर्वांनीं गप्प केलें. पाव तास असा गेला. तेवढ्यांत गवताचा भारा डोईवर घेतलेली एक म्हातारी बाई बांधावरून येत होती. एवढीं मुलें पाहून ती थांबली. माझी पुतणी तिच्याजवळ गेली आणि तिनें अगदीं घरगुती प्रश्न विचारला, "आजी, तुमचं माहेर कुठलं?"

म्हातारीनें भारा न उतरवितां हनुवटीनें नदीपलीकडे दाखविलें. "ते काय. पल्याडचंच हाय. गाडीनं गेलं तर लई वळसा पडतो, मंग आम्ही इथूनच जातो. पाणी उतरलं म्हंजी गुडघ्याइतकं र्‍हातं."

प्राध्यापक कांहीं वेळ बोललेच नाहींत. मग म्हणाले, "वेलस्लीनें हेंच केलें, फक्त त्याला आजी भेटल्या नाहींत." त्याला नदीच्या ह्या कांठीं एक गांव दिसलें आणि अगदीं समोरच्या कांठीं दुसरें. इंग्रजी कागदांत त्यांचीं नांवें पीपळगांव व वरूर अशीं आलेलीं आहेत. वाटाड्ये कांहींहि म्हणोत, त्यानें असा तर्क केला कीं दोन गांवें अशीं समोरासमोर वसलीं असतील तर त्यांच्यामध्यें येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे. शोध घेतला, उतार निघाला, आणि तो राखण्यास पलीकडे कोणी नव्हतें. तेथून उतरून तो दोन नद्यांच्या बेचक्यांत शिरला व शिंद्यांच्या फौजेच्या डाव्या बाजूवर जाऊन उभा राहिला. ही गोष्ट मीं मागाहून छापील पुस्तकांतहि वाचली. परंतु पुस्तकांत ती एका सेनापतीच्या बुद्धिचापल्याची गोष्ट आहे. त्या कांठावर उभें राहिल्यावर मला ती दुसरीच वाटली. सासर-माहेरची जी पायवाट आमच्या बायकांना रोजची ठाऊक, ती आमच्या सेनापतींच्या हिशेबांत नव्हती. आणि ज्या परक्याला ती ठाऊक नव्हती, त्यानें ती नुसत्या विचारानें शोधली.

अर्थात् पुढचें सगळें त्याच्या तर्काप्रमाणें झालें नाहीं. शिंद्यांच्या कंपूचा मुख्य पोहलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. वेलस्लीचा अंदाज असा कीं ही फौज इतक्या लौकर तोंड फिरवूं शकणार नाहीं. ती फिरली. दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली दहा हजारांवर कवाइती पायदळाची रांग शिस्तीनें वळून पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. तिचें डावें टोंक असई गांवाला टेकलेलें. प्राध्यापकांनीं हें वळणें मुलांकडून शेताच्या कडेनें करवून घेतलें. अठ्ठेचाळीस मुलांना सरळ रांग न मोडतां काटकोनांत वळावयास अकरा मिनिटें लागलीं, आणि तेंहि कोणी तोफा डागीत नसतांना! तेव्हां कोठें सर्वांच्या लक्षांत आलें कीं त्या दिवशीं पराभव पावलेलीं माणसें कच्चीं नव्हतीं.

असई जुईच्या दक्षिण कांठीं आहे. गांव लहान. आम्हीं तेथें एका पिंपळाच्या पारावर डबे उघडले. जेवणापूर्वीं मुलांनीं आळीपाळीनें टिपणें वाचलीं. इंग्रजांचें ७४ वें हायलँडर पायदळ आणि पुढच्या पहाऱ्याच्या तुकड्या चुकून असईच्या दिशेनें भरकटल्या आणि गांवांतल्या तोफा-बंदुकांच्या माऱ्यांत सांपडल्या. त्या एका पलटणींतले मेलेले व जखमी मिळून आंकडा चारशेंच्या घरांत जातो. शिंद्यांच्या गोलंदाजांनीं तर अखेरपर्यंत तोफा सोडल्या नाहींत. इंग्रजांची रांग अंगावरून पुढें जाईपर्यंत त्यांतले कित्येक मेल्याचें सोंग घेऊन तोफांखालीं पडून राहिले, आणि ती पुढें जातांच उठून त्याच तोफा त्यांनीं तिच्या पाठीवर डागल्या. तें काम मोडून काढण्यासाठीं वेलस्लीला पुन्हां मागें फिरावें लागलें. खासे सरदार मात्र लढाई जुंपल्यावर लौकरच रणांगण सोडून गेले. हें वाचणाऱ्या मुलाचें आडनांव शिंदे होतें. त्यानें तें वाक्य जरा भरभर वाचलें.

संध्याकाळपर्यंत लढाई संपली. इंग्रजांच्या हातीं ९८ तोफा लागल्या; त्यांचे ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. प्रत्यक्ष लढलेल्यांपैकीं हा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग. पाठलाग करण्याचें त्राण उरलें नव्हतें; स्टीव्हन्सन येऊन मिळाला तो दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं. हाच वेलस्ली पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ त त्यानें वॉटर्लूला नेपोलियनला हरविलें. तरीहि आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असें म्हातारपणीं कोणी विचारलें तेव्हां त्यानें असईचेंच नांव घेतलें, असें सांगतात. १८०३ च्या नोव्हेंबरांत अडगांव, डिसेंबरांत गाविलगड, आणि वर्ष संपण्यापूर्वीं देवगांव व सुर्जी-अंजनगांव येथील तह. सगळें चार महिन्यांत.

दशम्या खातां खातां मुलांत वाद पेटला. एक म्हणे, आपण जिंकायला हवें होतें. दुसरा म्हणे, आपण म्हणजे कोण? शिंद्यांचा सेनापति जर्मन, त्याच्या पलटणींतले शिपाई बहुतेक हिंदुस्थानी, बेगम समरूचींहि पलटणें त्यांत. आणि इंग्रजांच्या बाजूला मद्रासी शिपाई, म्हैसूरचे स्वार, शिवाय पेशव्यांचेहि स्वार केळनेच्या दक्षिणेस इंग्रजांसाठीं उभे. ज्या मुलीनें सकाळीं रोमची गोष्ट काढली होती ती म्हणाली, "आणि गांवांतले? लढाई झाली तेव्हां खरिपाचीं पिकं उभीं होतीं. तीं कोणाच्या बाजूनं होतीं?" प्राध्यापकांनीं निवाडा दिला नाहीं. त्यांनीं तिला तें लिहून आणावयास सांगितलें. मला त्यांचें हें वागणें त्या वेळीं पळपुटें वाटलें. आतां वाटत नाहीं.

घरीं परत आलों तेव्हां रात्रीचे दहा वाजले होते. सासूबाई जाग्या होत्या. पुतणीच्या चपला त्यांनीं अंगणांतच काढावयास लावल्या आणि मातीसकट बाजूला ठेवल्या. भावोजींनीं कांहीं विचारलें नाहीं, मात्र दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं ते पोरीला म्हणाले, "तो उतार नेमका कुठें म्हणालीस?" तिनें टेबलावर सांडलेल्या साखरेंत बोटानें दोन नद्या काढून दाखविल्या. त्यांनीं पाहिलें, "हं" म्हटलें, आणि तिसऱ्या दिवशीं माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवून तींतलें मोडी कागदांचें एक बासन शनिवारच्या वर्गासाठीं तिच्या स्वाधीन केलें. "फाडूं नका म्हणावं," एवढीच सूचना. ती पेटी माझ्या लग्नानंतर मीं प्रथमच उघडलेली पाहिली.

सर्वपित्री अमावास्या २ ऑक्टोबरला होती. मामंजी तर्पणाला बसले. हात थरथरतात म्हणून पाणी घालावयास पुतणी जवळ होती. आपल्या कुळाचीं नांवें संपलीं. ज्यांना पाणी द्यावयास मागें कोणी उरलेलें नाहीं त्यांच्यासाठीं शेवटची ओंजळ असते, तिथें ते थांबले.

"त्या लढाईंत आपले किती गेले म्हणालीस?"

"इंग्रजांचे मोजलेले आहेत, आजोबा. चारशें अठ्ठावीस. शिंद्यांच्या बाजूचे कोणीं नीट मोजले नाहींत. बाराशें ठार झाले असावेत असा अंदाज आहे." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि त्या चारशें अठ्ठाविसांतहि मद्रासचे शिपाई आहेत. आपले म्हणजे कोणते धरूं?"

मामंजींनीं तिच्याकडे पाहिलें. "पाणी घाल," ते म्हणाले, आणि ओंजळ पुढें केली.